दार नेमकं कुठं अडलं?

बालमित्रांनो,

कार्तिकी यात्रेला माझा भाचा आळंदीला आला होता. तो पुण्यात एम.एस्सी. करतो. रात्री जेवणं झाली आणि स्वारी लॅपटॉप घेऊन बसली. थोड्या वेळानं पाहते तर चेहरा पडलेला!

"मावशी, सकाळी सरांना उत्तर दाखवायचंय. गणित कॉलेजच्या क्लस्टरवर लावायचंय आणि तो मला आतच घेत नाही!"

क्लस्टर म्हणजे काय? माउलींच्या पालखीबरोबर कितीतरी दिंड्या चालतात, पण सोहळा एकच ना? तसे पुष्कळ संगणक एकत्र जोडायचे आणि मोठ्या गणिताचे तुकडे करून त्यांना वाटून द्यायचे. डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकनं १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक याच कल्पनेवर उभारला. पुढे पुण्यातल्याच आयसर संस्थेत 'परम ब्रह्म' आला. २०२४ मध्ये जीएमआरटी दुर्बिणीच्या शास्त्रज्ञांसाठी 'परम रुद्र' सुरू झाला.

अशा यंत्रासमोर जाऊन कुणी बसत नाही, बरं का! आपल्या संगणकावरूनच त्याचं दार वाजवायचं. त्यासाठी 'एसएसएच' नावाची सोय आहे. पूर्वी पासवर्ड तारेतून उघडा जायचा, पोस्टकार्डासारखा. फिनलंडमधल्या एका विद्यापीठात असे पासवर्ड चोरीला गेले. तेव्हा तिथल्या तातू इलोनेन यांनी १९९५ मध्ये हे सांकेतिक, बंद पाकीट तयार केलं.

मी भाच्याला म्हटलं, "मला यातलं फारसं कळत नाही. पण पडद्यावर काय लिहिलंय ते मोठ्यानं वाच." शाळेत तुम्हालाही मी हेच सांगते ना?

त्यानं वाचलं, 'कनेक्शन टाइम्ड आउट'. म्हणजे हाक मारली, पण उत्तरच आलं नाही. पत्ता चुकला असेल, नाहीतर वाट अडली असेल. त्याला आठवलं, हे दार फक्त कॉलेजच्या जाळ्यातून उघडतं. बाहेरून यायचं तर आधी व्हीपीएन लावावं लागतं. त्यानं ते लावलं.

आता यंत्रानं पासवर्ड विचारला. पासवर्ड लिहिताना पडद्यावर एक टिंबही उमटत नाही. कीबोर्ड बिघडलेला नसतो, शेजारच्याला अक्षरं मोजता येऊ नयेत म्हणून ही काळजी! पण उत्तर आलं, 'परमिशन डिनाइड'. म्हणजे घर सापडलं, दारात माणूसही आहे, पण तो आपल्याला ओळखत नाही. भाच्यानं घाईघाईनं पुन्हा लिहिलं. पुन्हा, पुन्हा, पुन्हा... आणि दार एकदम गप्प! फार वेळा चुकलं की पहारेकऱ्याला चोराचा संशय येतो आणि तो काही वेळ वाटच बंद करतो.

भाच्याचे डोळे भरून आले. "मित्राचा पासवर्ड मागतो," तो म्हणाला. मी म्हटलं, "मुळीच नाही. दुसऱ्याच्या नावानं आत जाणं म्हणजे खोटी सही करणं. अर्धा तास थांबू. तोवर आधीच्या ओळी सावकाश वाच."

वाचता वाचता तो ओरडलाच, "मावशी, नावच चुकलंय!" आज्ञेत आपलं नाव लिहायचं राहिलं की एसएसएच लॅपटॉपवरचंच नाव पुढं करतं. तिथं होतं घरचं लाडाचं नाव! पासवर्ड पहिल्यापासून बरोबर होता. चुकीचं नावही पडद्यावर दर वेळी दिसत होतं, पण पाहिलं कुणी?

अर्ध्या तासानं खरं नाव लिहिलं आणि दार उघडलं. आत गेल्यावरही गणिताला रांगेत उभं राहावं लागलं, कारण तिथं सगळ्यांची कामं पाळीपाळीनं होतात. उत्तर पहाटे मिळालं.

तिसरा एक निरोप असतो, 'कनेक्शन रिफ्यूज्ड'. घर सापडलं, पण त्या दारावर कुणी नाही. दाराचा क्रमांक चुकला असेल, नाहीतर तिकडची सेवाच बंद असेल. अशा वेळी पासवर्ड बदलून काय उपयोग?

म्हणून मुलांनो, अडलात तर आधी विचारा: वाट अडली, दार बंद आहे, की ओळख पटली नाही? तिन्हींची औषधं निराळी.

या आठवड्यात करून पाहा: आईबाबांच्या फोनवर काही अडलं की बटण पुन्हा दाबण्याआधी तो निरोप जसाच्या तसा वहीत उतरवून घ्या. पासवर्ड मात्र वहीत लिहायचा नाही हं! मदत मागायला गेलात तर तीच ओळ दाखवा. 'चालत नाही' एवढंच सांगितलं तर सांगणाराही बुचकळ्यात पडतो.

तुमच्या,
बाई