माशाच्या दारात

लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला अंदमानला निघालेल्या एका मैत्रिणीचं पत्र आलंय. पाण्याखाली माशांचे फोटो काढायचे आहेत, पण ‘मासे एका जागी थांबतात कुठे?’ असं त्या विचारतात.

थांबतात हो! आपण त्यांच्या मागे लागू नये, एवढंच. केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेला क्लाउनफिश घ्या. हा समुद्रफुलात राहतो. समुद्रफूल हाही प्राणीच. त्याची मऊ बोटं इतर माशांना डंख करतात, याला मात्र अंगावरच्या बुळबुळीत थरामुळे काही होत नाही. त्यामुळे हा घर सोडून फार लांब जात नाही. तुम्ही चार-पाच हात दूर शांत तरंगत राहा. आधी तो आत दडेल, मग डोकावेल, मग ठरलेल्या वाटेनं जा-ये सुरू करील. कॅमेरा त्या वाटेवर रोखून ठेवा. लाल-केशरी रंग खोल पाण्यात विझतात, म्हणून उथळ जागा आणि चांगलं ऊन बघा.

त्या घरातली सगळ्यांत मोठी ती मादी, घरची कर्ती! तिच्याखालोखाल नर, बाकीची पोरंसोरं. मादी मेली तर नरच मादी होतो, बाई! अंड्यांची राखण मात्र मुख्यतः नराकडे. आठवडाभर तो परांनी पाणी खेळवतो, खराब अंडी तोंडानं उचलून टाकतो.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं. नर सारखा माझ्या अंगावर धावून येत होता आणि मी ‘किती धीट गं!’ म्हणत आणखी जवळ जात होते. फोटो सुरेख आला. घरी येऊन मोठा करून पाहिला, तर मागे खडकावर केशरी दाण्यांचा पट्टा, आणि एक भलताच मासा त्यात तोंड घालतोय. राखणदाराला मीच जागेवरून उठवलं होतं. ह्यांना फोटो फार आवडला, पण तो काही मी भिंतीवर लावू दिला नाही.

तेव्हा मासा अंगावर आला की मुकाट्यानं मागे सरा. पोवळ्यावर पाय टेकू नका; ते जिवंत असतं, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं त्याला संरक्षण आहे.

आणि हो, फोनची जलरोधक पिशवी निघण्याआधी घरीच तपासा. आत कोरा कागद घालून अर्धा तास बादलीत बुडवा. कागद ओला झाला, तर पिशवी दुकानदाराला परत!