हेमाडपंताच्या नावावर कोणाचे दगड?



सातारा-सांगलीकडच्या कुठल्याही गावात जुन्या दगडी देवळाची चौकशी करा. उत्तर ठरलेले असते : "हेमाडपंती आहे." नाहीतर मग पांडवांनी एका रात्रीत बांधलेले. काळा दगड आणि चुन्याशिवाय रचलेली भिंत दिसली की श्रेय हेमाडपंताला देऊन सगळे मोकळे.

आता जरा सनावळी पाहू. हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत हा देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री. महादेव गादीवर आला तो १२६१ च्या सुमारास. अंबरनाथच्या शिवमंदिरातला शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा, शिलाहार काळातला. म्हणजे हेमाडपंताच्या दोनशे वर्षे आधीचा! आपल्या सांगलीला जवळ असलेले कृष्णाकाठचे खिद्रापूर घ्या. तिथल्या कोपेश्वर मंदिरात यादव राजा सिंघणाचा शके ११३६ चा दानलेख आहे. महादेवाच्या राज्यारोहणाआधी सत्तेचाळीस वर्षे हे देऊळ उभे होते. तरीही तेही हेमाडपंतीच म्हणायचे.

या देवळांचे बांधकाम नीट समजून घ्या. दगडाला खाच पाडायची, दुसऱ्याला तिच्यात बसेल असे कुसू काढायचे आणि एकमेकांच्या वजनावर दोन्ही अडकवायचे. छताला चौकोनाच्या कोपऱ्यांवर तिरके दगड ठेवत पोकळी लहान लहान करत न्यायची. कोपेश्वराच्या स्वर्गमंडपात अठ्ठेचाळीस खांब आहेत, मधोमध आकाशाला उघडे वर्तुळ. एकच खांब खाली चौकोनी, मध्ये अष्टकोनी, वर गोल होत जातो. छिन्नीचा एक घाव चुकला की दगड वाया. ही भूमिती पोथीत बसून येत नाही, ती हाताला यावी लागते. दानलेखात मात्र राजा आहे, देव आहे आणि देवाला दिलेले गाव आहे.

मग हेमाद्रीचे खरे काम कोणते? 'चतुर्वर्गचिंतामणी' हा त्याचा प्रचंड ग्रंथ. त्यात व्रते, दाने, श्राद्धे यांचा पसारा आहे. म्हणजे १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बावीस प्रतिज्ञा घेऊन आपण ज्याला रामराम ठोकला, नेमके तेच. ज्याने कर्मकांड लिहून काढले, त्याच्या नावावर पाथरवटांच्या कित्येक पिढ्यांची करामत जमा झाली. 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये बाबासाहेबांनी श्रमिकांच्या विभागणीबद्दल जे मांडले, ते पाहायला लांब जायला नको, गावच्या देवळावरची पाटी वाचा. आणि आज जाते-पाटे घडवणारा, खाणीत दगड फोडणारा वडार समाज विमुक्त जातींच्या यादीत आहे.

पण आपल्याकडेही एक खोड वाढली आहे. देवळाचा फोटो टाकायचा आणि खाली लिहायचे, "हा मूळचा बुद्धविहारच." पुरावा विचारला की विचारणारा मनुवादी! हे हेमाडपंती म्हणण्यासारखेच आहे, फक्त नाव बदलले. कोपेश्वर हे शिवमंदिर म्हणूनच बांधले गेले, ते मान्य करायला आपले काय जाते? उलट खोटा दावा एकदा उघडा पडला की खऱ्या दाव्यावरही कोणी विश्वास ठेवत नाही. आणि खरे दावे आपल्याकडे आहेत.

वाईजवळ लोहारे गावच्या लेण्यांना लोक पालपेश्वर म्हणतात. ती बौद्ध लेणी आहेत. आतल्या स्तूपाचा वरचा भाग गेला आणि त्या स्तूपाचा महादेव झाला. स्तूपाचे गोल अंग अजून समोर आहे, डोळ्यांनी दिसते. इथे "म्हणे", "असावे" काही लागत नाही. अशा ठिकाणी पुरातत्त्व खात्याकडे लेखी मागणी करावी, की फलकावर आधी बौद्ध लेणी लिहा, मग आजचे नाव लिहा. फोटो, मोजमापे, जुन्या गॅझेटियरमधील नोंद जोडून अर्ज द्यावा. हजार शेअरपेक्षा असा एक अर्ज जड पडतो.

कराडचेही तेच. आगाशिव-जखिणवाडीच्या डोंगरात साठहून अधिक बौद्ध लेणी आहेत, पण डोंगराला नाव शिवाचे, वरच्या देवळामुळे. कराडच्या पोरांना तो डोंगर सहलीचा म्हणून माहीत. त्यांना हे सांगा, की मध्य प्रदेशातल्या भारहुत स्तूपावर 'करहकट' निगमाने दिलेल्या दानाचा लेख कोरलेला आहे. करहकट म्हणजे आपले कराड. दोन हजार वर्षांपूर्वी इथल्या लोकांनी तिकडे दान धाडले होते, आणि त्या दगडावर गावाचे नाव आहे.