ही ‘एम्प्रेस’ कोण?

एम्प्रेस मॉलला तुम्ही कितीदा गेला असाल? त्यातली ‘एम्प्रेस’ कोण, हे कधी विचारलंत? आमच्या ग्रुपमध्ये विचारलं तर उत्तर आलं, ‘बिल्डरची बायको असेल बे!’

तर ही एम्प्रेस म्हणजे राणी व्हिक्टोरिया. १ जानेवारी १८७७ ला ती हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली आणि त्याच दिवशी जमशेटजी टाटांची गिरणी इथे सुरू झाली. नाव आपसूकच एम्प्रेस मिल.

मुंबई सोडून नागपूर का? नकाशा बघा. वऱ्हाड-वर्ध्याचा कापूस हाताशी, वरोऱ्याचा कोळसा जवळ, रेल्वे १८६७ मध्येच आलेली आणि शेजारी जुम्मा तलाव, म्हणजे आपला गांधीसागर. जागा मात्र दलदलीची. भराव घालताना बघून एका सावकाराने म्हणे पैसे द्यायला नकार दिला, ‘हा माणूस सोनं मातीत घालतोय!’ नंतर त्यानेच कबूल केलं, की टाटांनी माती टाकली आणि सोनं काढलं.

दुसरी अडचण आपल्या उन्हाळ्याची. लँकेशायरच्या दमट हवेत सूत टिकतं, इथल्या कोरड्या हवेत ते तुटतं. मग गिरणीत हवा ओलसर ठेवणारी यंत्रं बसली. (आपल्या कूलरचे पूर्वजच म्हणा ना.) मॅनेजर कोण? बेझनजी मेहता. रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातला माणूस, कापडाचा अनुभव शून्य. आजच्या एचआरने त्यांचा बायोडेटा पहिल्याच फेरीत बाजूला ठेवला असता.

आता तुमची सॅलरी स्लिप काढा. पीएफ कापलाय? कुरकुर करण्याआधी ऐका: या गिरणीत कामगारांसाठी प्रॉव्हिडंट फंड १९०१ मध्येच सुरू झाला. देशाचा पीएफ कायदा आला १९५२ मध्ये. नागपूरकर पोह्यांवरच्या तर्रीचा अभिमान मिरवतात, याचा कुणी मिरवत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

१९८६ मध्ये टाटांनी गिरणी सोडली, राज्य सरकारने घेतली, २००२ मध्ये तीही संपली. ज्या गिरणीने म्हातारपणाची सोय आधी केली, तिच्याच शेवटच्या पिढीला ऐन उमेदीत घरी बसावं लागलं. जागेवर मॉल आला आणि राणीचं नाव तेवढं राहिलं.

बेझनजींचंही राहिलंय. इंदोऱ्याकडे गेलात की बेझनबाग लागते, ती त्यांचीच.