गळती शोधा, टॉप-अप पुरे!

मित्रांनो, डिलिव्हरीचा टेम्पो म्हणजे आपल्या धंद्याचे पाय. बॉनेटखाली काहीतरी गळतंय आणि आपण रोज कूलंट ओततोय, याला बचत म्हणत नाहीत. कूलंट संपून इंजिन तापलं की हेड गॅस्केट जाऊ शकतं. मग गाडी उभी आणि गल्लाही बंद!

इंजिन थंड झाल्यावर पुसून घ्या, रात्री खाली पुठ्ठा पसरा. हिरवा किंवा गुलाबी डाग बहुतेक कूलंटचा, काळपट चिकट डाग ऑइलचा, नुसतं पाणी बहुधा एसीचं. ब्रेक ऑइलची पातळी उतरलेली दिसली, तर गाडी हलवूच नका. थेंब खाली पडतो, पण गळती वर असते. सगळ्यात उंचावरची ओली जागा शोधा.

मेकॅनिककडे पुठ्ठाही न्या. नेमकं दाखवलंत, तर नको ते पार्ट बदलायचा खर्च वाचेल.