सातबारा मराठीत हवा, तसा दवाखान्याचा कागदही

मराठीतून कागदपत्रे मिळावीत ही सीमाभागाची मागणी जुनी आहे. सातबारा, नोटिसा, मतदार याद्या यांसाठी आम्ही मोर्चे काढले, निवेदने दिली. दवाखान्यातून घरी सोडताना हातात पडणाऱ्या कागदाविषयी मात्र आम्ही फारसे बोललो नाही. ही चूक सुधारली पाहिजे.

हृदय दुबळे होऊन रक्त पुरेसे न ढकलण्याचा विकार सत्तरीपुढच्या मंडळींत पुष्कळ दिसतो. पाय सुजतात, धाप लागते, हे सर्वांना ठाऊक आहे. पण मेंदूलाही रक्त कमी पडते, विस्मरण वाढते, सकाळची गोळी घेतली की नाही हे आठवत नाही. पाच रुग्णांत सुमारे एकाला नैराश्य येते. अशांना पुन्हा दवाखाना गाठावा लागण्याचा आणि मृत्यूचाही धोका अधिक असतो. आणि आपण घरचे लोक 'आता वयच झाले' म्हणून विषय सोडून देतो!

नुसत्या गोळीने हे भागत नाही. २०१० व २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत नैराश्यावरच्या गोळ्यांचा अशा रुग्णांना खोट्या गोळीपेक्षा अधिक उपयोग दिसला नाही. (चालू गोळी मात्र कोणी आपल्या मनाने बंद करू नये.) समुपदेशन आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने झेपेल तेवढा व्यायाम यांनी फरक पडतो. मनातले बोलणे मायबोलीतच होते. स्मरणशक्तीची चाचणी परक्या भाषेत घेतली, तर शहाणा माणूसही विसराळू ठरतो.

म्हणून आमची मागणी सरळ आहे. पंधरा टक्क्यांहून अधिक अल्पभाषिक असतील तेथे सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे १९६१ च्या मुख्यमंत्री परिषदेपासून मान्य झालेले तत्त्व आहे. ते सरकारी दवाखान्यालाही लावा. औषधांच्या सूचना मराठीत छापा, मनाची आणि स्मृतीची विचारपूस मराठीतून करा. यात कन्नडचा द्वेष नाही. कन्नड आजोबांना कन्नडमधून समजावे, तसे आमच्या आजोबांना मराठीतून समजावे, इतकेच.

सरकार करील तेव्हा करील. तोवर घरात एक वही ठेवा. रोज सकाळचे वजन आणि घेतलेल्या गोळ्या तीत लिहा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन वाढले तर डॉक्टरांकडे जा. मन खचले असेल तर १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते. मुले पुण्या-बेंगळुरूला गेली असतील, तर शेजाऱ्याने रोज एकदा डोकवावे. भाषेसाठी लढणाऱ्यांनी ती बोलणारी माणसे आधी जपली पाहिजेत.