तलावाकाठची खुर्ची

भंडाऱ्याहून समुद्र दूर. परंतु कोहळी समाजाने बांधलेले तलाव आपल्या जवळच आहेत. हिवाळ्यात साकोलीजवळच्या शिवनीबांधसारख्या जलाशयांवर दूरदेशींची बदके उतरतात. गुडघे दुखतात म्हणून वडीलधाऱ्यांनी या सुखाला मुकू नये. स्वस्थ बसणाऱ्याला पक्षी अधिक दिसतात. सकाळी पूर्वेकडील काठ निवडावा, म्हणजे ऊन पाठीवर येते व डोळे दिपत नाहीत. पाळीचा उतार टाळून सपाट जागी, वारा अडवणाऱ्या झाडाजवळ हातांची खुर्ची ठेवावी. उठताना आधार मिळतो. शाल, कानटोपी, पाणी व नेहमीची औषधे सोबत असावीत. अर्ध्या तासाने सोबत्याने हात धरून चार पावले चालवावे, म्हणजे पाय आखडत नाहीत. ऊन चढण्यापूर्वी परतावे.