आवाज मोठा, शब्द अस्पष्ट

सातारच्या एका पेठेतील जुन्या घरी रक्तदाब तपासण्यासाठी गेलो असता आजोबा म्हणाले, "डॉक्टर, आता गाण्यात राम राहिला नाही." मूळचे ते सांगलीकडचे. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ मिरजेच्या दर्ग्यात भरणाऱ्या संगीत सभेला तरुणपणी रात्र रात्र बसलेले. मुलाने हौसेने नवे स्पीकर आणून दिले होते. आजींची तक्रार निराळी होती. आवाजाने तावदाने थरथरतात, तरी यांना शब्द कळत नाहीत, म्हणून हे तो आणखी वाढवतात. अलीकडे तर स्पीकर बंदच असत आणि आजोबा गप्प.

खोली दहा बाय अकरा फुटांची. एक स्पीकर कोपऱ्यात कपाटाच्या माथ्यावर, दुसरा दाराआड जमिनीवर.

वाचकहो, उतारवयातील श्रवणहानी सर्व ध्वनींना सारखी ग्रासत नाही. आंतरकर्णातील सूक्ष्म केशपेशी झिजतात, तेव्हा बहुधा बारीक, उंच कंप्रतेचे ध्वनी आधी हरपतात. 'आ', 'ओ' ठणठणीत ऐकू येतात. 'स', 'श', 'त', 'फ' निसटतात. म्हणूनच 'ऐकू येते, पण समजत नाही' ही तक्रार. त्यात भिंत आणि कोपरा खर्जाला बळ देतात, आणि हा खर्जाचा गडगडाट उरल्यासुरल्या बारीक ध्वनींना झाकून टाकतो. आवाज वाढवला की गडगडाटही वाढतो. शिवाय अशा कानाला हळू आवाज पोचत नाही आणि मोठा एकदम असह्य होतो. मधली पट्टी अरुंद झालेली असते.

तेव्हा आवाज वाढवण्याऐवजी स्पीकर जवळ आणावेत. दोन्ही स्पीकर आणि आपली खुर्ची यांचा चार-पाच फूट बाजूंचा त्रिकोण साधावा. भिंतीपासून फूटभर तरी अंतर ठेवावे आणि कोपरा टाळावा. बारीक आवाज देणारा छोटा गोल भाग बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर, त्याच्याकडे किंचित वळवलेला असावा. खर्जाचे बटण कमी करावे. उघड्या फरशीवर सतरंजी, खिडकीला जाड पडदा आणि एखादे पुस्तकांचे कपाट एवढ्यानेही घुमणे उतरते. तारांची लाल-काळी टोके दोन्हीकडे सारखीच जोडली आहेत ना, तेही पाहावे. एकीकडे उलटी जोडली गेली, तर खर्ज पोकळ होतो आणि गायकाचा आवाज मध्यभागी न राहता विस्कटतो. ज्यांचा एक कान अधू आहे, त्यांनी दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र करणारी 'मोनो' सोय वापरावी.

परीक्षा घ्यायची, तर मिरजेच्या तानपुऱ्याची घ्यावी. घोडीवर तारेखाली सरकवलेल्या दोऱ्याने जी झंकारणारी जवारी खुलते, ती बारीक उपस्वरांची बनलेली असते. नुसती घूं ऐकू आली आणि जवारी आली नाही, तर घरातील तरुण माणसाला त्याच खुर्चीत बसवावे. त्यालाही ऐकू आली नाही, तर मांडणी बदलावी. त्याला आली आणि तुम्हाला नाही, तर कान तपासावा.

आजोबांचे असेच झाले. स्पीकर हलवल्यावर निम्म्या आवाजात शब्द कळू लागले. जवारी मात्र नातीला ऐकू आली, त्यांना नाही. त्यांना कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवले. कधीकधी नुसता मळ निघून काम भागते (कापसाची काडी कानात घालणे मात्र कटाक्षाने टाळावे, तिने मळ आत ढकलला जातो). यांच्या श्रवण-आलेखात रेघ उजवीकडे घसरत गेली होती, म्हणून श्रवणयंत्र आले. ही यंत्रे मुख्यत्वे बोलण्यासाठी जुळवलेली असतात; संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅम बसवून देता येईल का, हे ऑडिओलॉजिस्टना आवर्जून विचारावे. आम्ही विचारले. पहिले आठ-दहा दिवस आजोबांना स्वतःचाच आवाज परका वाटला, मग सवय झाली.

एका कानाचे ऐकणे अचानक, एक-दोन दिवसांत गेले, तर मात्र वयाला दोष देत बसू नये. ती तातडीची बाब आहे; त्याच दिवशी तज्ज्ञांना गाठावे, कारण औषधाचा उपयोग सुरुवातीच्या दिवसांतच अधिक होतो.

आणि स्पीकर पुढे आणले की तारा पायवाटेत येतात. त्या भिंतीकडेने नेऊन चिकटपट्टीने पक्क्या कराव्यात. रात्री लघवीला उठलेल्या माणसाचा पाय तारेत अडकून खुब्याचे हाड मोडलेले मी पाहिले आहे.